गालात राखलेलं

बोरिवली पूर्वेला, जंगलाच्या भिंतीला टेकलेल्या इमारतीत मथुराबाई एकट्या राहत. मुलगा सौरभ नाहूरला. मध्ये काय ते जंगल. माकडाने मनावर घेतलं तर झाडांवरून पोचेल, माणसांना मात्र दादरचा वळसा. सौरभला तो वळसा दिवाळीला परवडे, एरवी जमला तर जमला.

अलीकडे नात श्रुतिकाचा फोन मात्र रोज संध्याकाळी येई. शाळेने तिला एक बेडूक आणि एक माकड यांची तुलना करायला सांगितली होती, आणि आजीकडे दोन्ही फुकट मिळत. बाथरूममध्ये नळामागे झाडबेडूक, गॅलरीत लाल तोंडाची माकडं.

मथुराबाई हिशेबी. सगळं एकदम सांगितलं तर फोन एकदाच येणार, हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी ताडलं. म्हणून एका फोनला एकच माहिती. बेडकाच्या बोटांना चकत्या असतात, गुळगुळीत लादीवरही तो चिकटून राहतो. माकडं घोळक्याने येतात, एकमेकांच्या उवा बघत बसतात. बेडूक दिवसभर एकटाच, पाय पोटाशी घेऊन. माकड केळं आधी गालात कोंबतं, खातं सावकाश. मध्येच एकदा 'आज काही दिसलं नाही गो' म्हणून त्यांनी एक फोन फुकटात पदरात पाडून घेतला.

मग शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारीही नाही. मथुराबाईंनी भात झाकून ठेवला आणि स्वतःच फोन लावला.

"प्रोजेक्ट दिला ना आजी, कधीच," श्रुतिका म्हणाली. मागे टीव्ही चालू होता.

"एक राहिलं होतं गो. बेडूक किडा गिळतो ना, तेव्हा डोळे मिटून आत ओढतो. जसा काय डोळ्यांनीच घास ढकलतो."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

मथुराबाईंनी भातावरचं झाकण उगाच सारखं केलं.

"तू पण माकडच आहेस," नात म्हणाली. "गालात भरून ठेवतेस." मग टीव्हीचा आवाज कमी झाला. "अजून काय ठेवलंयस?"

काहीच नव्हतं.

"आहे तर," मथुराबाई म्हणाल्या. "उद्या फोन कर, सांगते."

"बघते. क्लास आहे उद्या."

फोन ठेवून त्या बाथरूममध्ये गेल्या, बादली पालथी घातली आणि नळासमोर बसल्या. बेडूक जागेवरच होता, पाय पोटाशी घेऊन. उद्या संध्याकाळपर्यंत त्याने काहीतरी नवीन करणं भाग होतं.