तळ्याचं कार्ड

तीस वर्षांत मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत गॅरेजमध्ये बरीच शहाणी माणसं आली नि गेली. पण पांढरे बूट घालून आलेला आणि जाईपर्यंत ते पांढरेच राखणारा माणूस हा एकटाच. शर्यतीच्या चालकांची मनं दुरुस्त करायला मालकांनी त्याला आणलं होतं. कामगार त्याला 'मनाचे मास्तर' म्हणत, आणि तो हा मान समजत असे.

मास्तरांनी दोन्ही चालकांकडून साठ प्रश्नांचा कागद भरून घेतला. तो उलटूनही न पाहता दुसऱ्या दिवशी निकाल सांगितला; मिस्त्रींनी लावून दिलेली टाचणी जशीच्या तशी होती. पहिला चालक मालकांचा जावई. तो वाघ निघाला. दुसरी चालक मिस्त्रींची भाची. ती तळं निघाली.

"संथ, निवांत तळं," मास्तर म्हणाले आणि दोघांच्या हातात प्लास्टिकमध्ये मढवलेलं एकेक कार्ड दिलं. एकावर जबडा, दुसऱ्यावर कमळं.

मिस्त्री खाली वाकून नसलेला स्क्रू शोधू लागले. ही तळं? लहानपणी जिन्यात पोस्टमन पुढे दिसला, तर त्याला मागे टाकल्याशिवाय घरात पाऊल न टाकणारी? आणि जावईबापू वाघ! बिचारा शब्दकोडी सोडवणारा जीव. बाजूला दुसरी गाडी आली की अंग चोरायचा. रस्ता मोकळा मिळाला, तर मात्र शिवणयंत्राच्या टाक्यांसारख्या एकसारख्या फेऱ्या काढायचा. पण मालकांच्या तोंडावर त्यांच्या जावयाला तळं म्हणायला छाती लागते, आणि मास्तरांची सगळी छाती बोलण्यातच खर्च झालेली.

मिस्त्रींकडे फेऱ्यांच्या वेळांची वही होती. त्यात सगळं मांडलेलं होतं. पुढे गाडी दिसली की भाची सुसाट, पुढे कुणी नसलं की तिला जांभया. जावयाचं बरोब्बर उलटं. ही वही त्यांनी मालकांसमोर ठेवली.

"मिस्त्री, तुम्ही इंजिन बघा," मालक म्हणाले. "मन हा वेगळा विषय आहे."

मग मास्तरांनी कानाला लावायचा चिमटा आणला. नाडी मोजून मास्तरांच्या फोनवर दाखवणारा. दोन महिन्यांत भाचीची नाडी इतकी उतरली की मालकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दोन महिन्यांत ती तिसऱ्या नंबरावरून सातव्यावर गेली, पण ते काही कुठला चिमटा मोजत नव्हता. जावईबापू वाघ झाल्यापासून दर शर्यतीला कुणाच्या तरी बंपरवर पंजा मारून यायचे. पत्रा सरळ करायचं काम मिस्त्रींकडे.

हंगाम संपत आला तसं मालकांनी जाहीर केलं, पुढच्या वर्षी गाडी एकच. शेवटच्या शर्यतीत दोघांत जो पुढे येईल, गाडी त्याची.

"मामा, मला गाडी चालवताना झोप येते रे," भाची हेल्मेट घालताना म्हणाली. "कमळं आठवायची म्हणे. कुणाला ओव्हरटेक करू, कमळांना?"

"कार्ड आण इकडे."

तिने दिलं. औजारांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. मिस्त्रींनी कार्ड त्याखाली सारलं. टेबल डुगडुगायचं थांबलं. मास्तरांच्या विद्येचा तेवढा उपयोग झाला.

या शर्यतीत चालकाशी बोलायची सोय नसे. दर फेरीला कठड्यावरून फळा दाखवायचा, तेवढाच संवाद. मास्तरांचा हुकूम होता की फळ्यावर फक्त मंत्र हवा. ते स्वतः जावयाला 'वाघ' दाखवत होते. भाचीचा फळा मिस्त्रींकडे, त्यावर 'तळं'.

वीस फेऱ्यांपैकी बारा झाल्या तेव्हा जावई चौथा होता आणि भाची सहा सेकंद मागे, सातवी, रविवारी भाजी आणायला निघाल्यासारखी.

मिस्त्रींनी बाहीने 'तळं' पुसलं आणि खडूने लिहिलं : 'जावई ६'.

"अहो, हे काय!" मास्तर धावले. "तिचं संतुलन बिघडेल!"

"बिघडू द्या. मी दुरुस्तीचंच काम करतो."

पुढच्या फेरीला 'जावई ५'. मग ४. पंधराव्या फेरीला तिने वाटेतल्या दोघांना असं मागे टाकलं, जणू ते रस्त्यात सामान ठेवून बसले होते.

"नाडी बघा तिची! एकशे सत्तर!" मास्तर ओरडले.

"आणि फेरीची वेळ?"

ती मास्तरांनी पाहिली नव्हती. पाहायची कुठे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटच्या वळणावर वाघाने समोरच्या गाडीवर झेप घेतली, चाकं लॉक झाली आणि तो बाहेरच्या वाळूकडे सरकला. आतल्या बाजूने भाची निघून गेली. ती चौथी, जावई पाचवा.

एकुलती एक गाडी तिची झाली. निदान दहा मिनिटं तरी. मग मालकांना आठवलं, की जावई घरी बसला तर मुलगी आपल्याला सुखाने जेवू देणार नाही. तेव्हा पुढच्या वर्षी गाड्या पुन्हा दोनच ठरल्या.

"मास्तर, कमाल केलीत!" मालक म्हणाले. "तिच्यातला वाघ बाहेर काढलात!"

"तळाशी वाघ असतोच, साहेब," मास्तर जराही न अडखळता म्हणाले. "पुढच्या वर्षी दोघांनाही वाघच करू."

भाचीने मामाकडे पाहिलं. "सांग ना त्यांना, वहीत काय आहे ते."

"विचारलंय का कुणी?"

सगळे गेल्यावर मिस्त्री खडू झटकत होते, तोच जावईबापू हेल्मेट काखेत घेऊन दारात उभे राहिले. आत यावं की नाही, यावर त्यांचं बराच वेळ चाललं होतं.

"मिस्त्री, तिचं ते... कमळांचं कार्ड... पडलंय का कुठे?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस कमळं बघत निवांत चालवू लागला, तर भाचीच्या पुढेच राहणार. दर शर्यतीला, फेरीमागून फेरी, तिला समोर दिसेल असा.

तिला आणखी काय हवं?

त्यांनी टेबल उचललं, कार्ड काढलं आणि बाहीला पुसलं.

"जरा तेल लागलंय."

"चालेल," जावईबापू ते खिशात घालत म्हणाले. "फक्त सासऱ्यांना सांगू नका."