उसनी चाल

"म्हातारी म्हणे! हे तर बदक आहे," विंगेतला प्रकाशवाला पुटपुटला. त्याला वाटलं, हळू बोललो. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

बदक मीच. आमच्या हौशी मंडळाच्या नाटकात पंचाहत्तर वर्षांची आजी. एरवी मी कपडे आल्टर करायच्या दुकानात मशीनवर बसते. तिथे मला कुणी प्राणी म्हणत नाही. पण आमचा दिग्दर्शक नुकताच आठ दिवसांचं शिबिर करून सर्वज्ञ होऊन परतला होता. "ताई, पात्र डोक्यात नसतं, शरीरात असतं. आधी आपला प्राणी शोधा," म्हणत त्याने आम्हाला तीन दिवस हॉलभर रांगायला लावलं. खलनायकाला कोल्हा सापडला, नायिकेला हरीण. पोक काढून, गुडघे वाकवून मला काय सापडलं ते प्रकाशवाल्याने सांगितलंच.

"शुक्रवारपर्यंत चाल आली नाही तर आजी पार्लरवाल्या ताईंना," दिग्दर्शक म्हणाला. पार्लरवाली पस्तिशीची आणि रोज योगासनं करणारी. माझा जीव जळला.

खरं तर अस्सल म्हातारी आमच्या घरातच होती, फुकटात. सासूबाई. त्यांचा गुडघा हा आमच्या घरचा अधिकृत आजार. त्याला तेल होतं, पट्टा होता, आणि "आता वयच झालं" हे ह्यांचं निदान होतं. सासूबाईंचं एकच पालुपद, "मला काही झालेलं नाही. वरची खोली मी सोडणार नाही, सांगून ठेवते." वर जायला चौदा पायऱ्या. त्या चढायला लागल्या की आम्ही दोघं नवराबायको टीव्ही फार लक्ष देऊन बघायचो. जाहिरातीसुद्धा.

आता मात्र मी जिन्याकडे बघू लागले. चोरून, पण शिंपिणीच्या नजरेने. मग दुकानाच्या ट्रायल रूममध्ये आरशासमोर तसं चालून बघितलं. गुडघा दुखतोय असं धरलं की चाल यायचीच नाही. आणि खुर्चीत बसताना सासूबाई गुडघा तर छान वाकवायच्या! फक्त बसायच्या तिरप्या, डाव्या अंगावर. काठी डाव्या हातात, म्हणजे दुखणं उजवीकडे. बक्कलच्या चपला कधी सोडल्या त्यांनी? पायापर्यंत हात पोचत नसणार. मी उजवा खुबा दुखतोय असं धरलं. अंग आपोआप उजवीकडे कललं, डावं पाऊल घाईने पुढे पडलं, आणि आरशात सासूबाई उभ्या.

घरी काही बोलले नाही. आधी भूमिका पक्की होऊ दे म्हटलं. कलावंत ना मी!

शुक्रवारी दिग्दर्शकाने टाळ्या पिटल्या. "वा ताई! कुठला प्राणी धरलात?"

"सासू."

रंगीत तालमीला घरची माणसं बोलावली होती. सासूबाई पहिल्या रांगेत. मी काठी टेकत आत आले आणि लोक आळीपाळीने माझ्याकडे आणि सासूबाईंकडे बघू लागले. नंतर चहाच्या टेबलापाशी सगळ्यांनी सगळ्याचं कौतुक केलं. शाल छान. खुर्ची तर फारच छान. हे म्हणाले, "प्रकाशयोजना उत्तम." प्रकाशवाला जन्मात पहिल्यांदा लाजला. चालीबद्दल कुणी अवाक्षर काढेना.

सासूबाई कप ठेवून माझ्यासमोर आल्या. "काठी डाव्या हातात धरलीस."

"हो आई."

"म्हणजे कुठं दुखतं ते तुला कळलंय."

मी उजव्या खुब्यावर हात ठेवला. माझ्याच.

"गुडघाच ना गं, आई?" ह्यांनी चाचरत विचारलं.

"गुडघा तुझ्या तेलाला लागतो, दुखतो तो खुबा," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडले होते मी. तो जिना आता माझ्याने चढवत नाही."