पाव काय म्हणाला

गुंडीचा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या पोकळीत उभं राहायचं, मोटारीची कुरकुर ऐकायची आणि दुखणं नेमकं कुठे आहे ते ओळखायचं, हे त्याचं काम. कान तिखट, पण जीभ महा आळशी. कामावरचे लोक म्हणायचे, याच्याकडून एक वाक्य हवं असेल तर आधी तेल घालावं लागतं.

अशा माणसावर एका रविवारी अडीच वर्षांच्या भाचीला एकट्याने सांभाळायची पाळी आली. ताईला अचानक कामावर बोलावलं होतं आणि दाजी परगावी गेलेले. चपला पायात सरकवता सरकवता ताईने सगळं सांगितलं: दूध कुठे, कपडे कुठे, आणि रडायला लागली तर पाणघोडा वाच.

पाणघोडा म्हणजे गुंडीचं पुस्तक. चावून चावून त्याचे कोपरे गोल झाले होते आणि पाठीला चिकटपट्टी लागली होती. गोष्ट तशी छोटीच. एक पाणघोडा एप्रन बांधतो, पीठ मळतो, पिठाला पांघरूण घालून झोपवतो, मग पाव भाजतो. शेवटच्या चित्रात तो गरम पावापाशी वाकून आपला एवढासा कान लावून उभा आहे आणि खाली लिहिलंय, ‘मग पाव म्हणाला...’ पुढे काही नाही. लिहिणाऱ्याने तिथेच हात झटकले होते. रोज रात्री गुंडी विचारायची, काय म्हणाला? ताई एक सांगायची, दाजी दुसरंच काहीतरी, आणि गुंडी दोघांनाही मान हलवून नापास करायची.

मामाने पुस्तक वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा शेवटचं पान आलं आणि गुंडीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“काय म्हनाला?”

मामाला थाप मारता येत नव्हती. तो म्हणाला, “मला नाही माहीत बाई. पावालाच विचारायला पाहिजे.”

त्याने हे आपलं सहज म्हटलं होतं. गुंडी मात्र त्याच्या मांडीवरून उतरली, तडक स्वयंपाकघरात गेली आणि मैद्याचा डबा ओढायला लागली. आपल्या भाषेत फसणाऱ्याला ‘मामा झाला’ का म्हणतात, ते त्याला त्या क्षणी कळलं.

जन्मात त्याने पाव केला नव्हता. पण शोधल्यावर फळीवर यीस्टचं पाकीट सापडलं आणि त्याच्या मागे कृती छापलेली होती. गुंडीला दाजींचा जुना शर्ट उलटा घालून खुर्चीवर उभं केलं. कोमट पाणी तिने ओतलं, निम्मं परातीत आणि निम्मं मामाच्या पायांवर. मग दोघं मळायला लागले. ती दोन्ही मुठींनी पिठाला बुक्के मारायची आणि प्रत्येक बुक्क्यानंतर वाकून बघायची, त्याला लागलं तर नाही ना. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या, तोंडावर एकदम म्हातारपण आलं.

गोळा पातेल्यात ठेवून मामाने ओला फडका घातला. गुंडीने वरून स्वतःचं दुपटं आणून टाकलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग ती स्वतःच सोफ्यावर कलंडली आणि झोपून गेली.

मामाला चैन पडेना. थोड्या वेळाने त्याने हळूच फडका उचलला आणि तसाच उभा राहिला. तळाशी ठेवलेला गोळा पातेल्याच्या काठापर्यंत वर आला होता. आयुष्यभर त्याने वजनं वर चढवायचंच काम केलं होतं. मोटारीवाचून, दोरावाचून काहीही एक बोटभरसुद्धा वर येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि हे आलं होतं, आवाज न करता, दुपट्याखाली. त्याने बोट टेकवलं. खळगा पडला आणि सावकाश, जागं होता होता कूस बदलावी तसा, भरून आला. त्याने हात पटकन मागे घेतला.

गुंडी उठल्यावर दोघांनी मिळून गोळ्याला पावासारखा आकार दिला, तो पुन्हा थोडा फुगू दिला आणि ओव्हनमध्ये सरकवला. पाकिटावर सांगितलं होतं म्हणून खालच्या कप्प्यात गरम पाण्याची वाटी ठेवली. मग काचेसमोर फरशीवर बसून राहिले. पाव फुगला, वरून उलला, पिवळा झाला, तांबूस झाला. घरभर असा वास सुटला की मामाला पोटाऐवजी छातीतच काहीतरी हलल्यासारखं वाटलं.

पण जसजसा पाव रंग धरत गेला तसतसा त्याचा जीव खालीवर व्हायला लागला. आता ही पावाला विचारणार आणि पाव तर पावच आहे. आपणच आवाज बदलून बोलावं का? ते आपल्याला जमायचं नाही आणि ही ओळखेल. पाव लाजतो म्हणावं? शेवटी त्याने ठरवलं, खरं तेच सांगायचं. गोष्टीतला पाव बोलतो, आपला नाही बोलत.

जाड फडक्यात धरून त्याने पाव बाहेर काढला, टेबलावर जाळीवर ठेवला आणि गुंडीला कडेवर घेतलं, हात पोचणार नाही इतकं लांब. तिने मान वाकवून कान पुढे केला. मामाने सांगायला तोंड उघडलं.

आणि पाव बोलायला लागला.

आधी एक बारीकसा ‘टिक’. मग दोन. मग सगळ्या अंगावरून चिरचिर, टिकटिक, कुरकुर, वाळल्या पानांवरून कुणीतरी अगदी हलक्या पावलांनी चालत यावं तशी. मामाचं उघडलेलं तोंड उघडंच राहिलं. आवाजाचं कारण त्याला लगेच कळलं. वरचा कडक पापुद्रा निवताना आकसतो आणि तडकतो. बंद केलेली मोटारसुद्धा निवताना अशीच टिकटिकते. कारण कळलं, तरी अंगावरचा काटा जाईना. इतकी वर्षं तो पाव खात आला होता आणि प्रत्येक पाव कुठेतरी, कुणापुढे तरी हे बोलून मगच त्याच्या ताटात आला होता.

गुंडीला मात्र काडीचं आश्चर्य वाटलं नाही. ती डॉक्टरसारखी गंभीर होऊन ऐकत होती. मधेच “हं” म्हणाली. मग गाल फुगवून पावावर फुंकर घालायला लागली.

मामाने अगदी हळू विचारलं, “काय म्हणाला गं?”

“गलम होतंय म्हनाला.”

ताई आली तेव्हा दोघं तशीच वाकून फुंकर घालत होती. स्वयंपाकघराची दशा बघून ती काहीतरी बोलणार होती. मामाने हात वर केला. ती खांद्यावरच्या पिशवीसकट पुढे आली, वाकली आणि तिने ऐकलं. तिचा चेहरा बघता बघता लहान होत गेला. आवाज आता विरळ झाला होता. एक टिक. बऱ्याच वेळाने आणखी एक.

मग काहीच नाही.

“झोपला,” गुंडी म्हणाली.

भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत उभे राहिले. सुरी समोर होती, पण उचलायचा धीर दोघांनाही होईना. ताई कुजबुजत म्हणाली, राहू दे का उद्यापर्यंत? मामाने मान डोलावली. तेवढ्यात गुंडीने कडेवरून उतरून खालच्या फळीवरची आपली ताटली ओढली, टेबलावर आपटली आणि मोठ्याने पाव मागितला.