भुऱ्याचा दाखला

महिपत आफ्रिकेहून लेकीला न्यायला आला, तेव्हा कमळनं एकच अट घातली. "भुऱ्या येनार असंल तर मी येनार."

आई गेल्यापासून कमळ किन्हवलीला आजीजवळ, भागीरथीजवळ, वाढली होती. झोपेत दचकली की ती आजीला हाक मारायची नाही. हात लांब करून अंथरुणाशेजारच्या भुऱ्या कुत्र्याला चाचपायची आणि पुन्हा झोपायची. मोंबासाला आता सगळंच नवं, आईसुद्धा. महिपतनं वाद घातला नाही. मुंबईला बोटीच्या कचेरीत विचारून आला.

"भाडं भरू त्याचं. पन सरकारी ढोरडाक्तरचा दाखला पायजे. कुत्रं निरोगी हाय, पिसाळलेल्या जनावरानं चावलेलं नाय, असा. त्याच्याबिगर बोटीवर घेत नायत, आन तिकडं उतरू देत नायत."

"कुत्र्याला बोटीचं भाडं!" भागीरथी तोंडाला पदर लावून हसली. "आन म्हातारी ऱ्हाईली हितंच. कुत्रं तरी ठेवा रे मला राखनीला."

"नाय!" कमळनं भुऱ्याच्या गळ्याला मिठी मारली. "तू तुज्या कोंबड्या राख."

तिघंही हसली. पण भागीरथीला मनातून एकच घोर लागला होता. परक्या घरात पोरीनं हात लांब केला, तर हाताला ओळखीचं काहीतरी लागलं पाहिजे. कुत्रं गेलंच पाहिजे.

मुरबाडला डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी भुऱ्या बांधावरून उडी मारताना लचकला आणि मागचा पाय उचलून चालू लागला. लंगडं कुत्रं डॉक्टर कसं पास करील? बैलाचा पाय लचकला की सासरे काय करायचे, ते तिनं जन्मभर पाहिलं होतं. सकाळी चूल पेटल्यावर तिनं विळ्याचं टोक लाल केलं, भुऱ्याचं तोंड फडक्यानं बांधलं आणि मांडीवर डाग दिला. कुत्र्याच्या विव्हळण्यानं कमळ धावत आली.

"बरं होतंय गो त्याला," म्हणत भागीरथीनं वर हळद दाबली. बैलगाडीत चढताना भुऱ्या चारी पाय टेकून उभा राहिला. तिनं म्हसोबाला नारळ कबूल केला.

डॉक्टरनं दात पाहिले, डोळे पाहिले. मग मांडीवरचे केस बाजूला केले.

"कधी चावलं?"

"चावलं नाय सायेब. लचकला म्हून डागलाय."

"शेणवे गावाकडे पिसाळलेलं कोल्हं फिरतंय, आजी. चावलेली कुत्री अशीच डागून आणतात माझ्याकडे. आणि सगळे म्हणतात, लचकला."

"देवाशपथ सायेब!"

"तुम्ही खरंच बोलत असाल. पण दाताची खूण होती की नव्हती, ते आता कोण सांगणार? कातडी जळून गेली. सहा महिने बांधून ठेवा. कुत्रं धड राहिलं तर आणा, दाखला देतो."

बोट पुढच्याच आठवड्यात होती.

परतीच्या वाटेवर महिपत बैलांकडे बघत हळूच म्हणाला, "ठेवायचंच व्हतं तर तसं सांगायचं ना, आये."

"काय ठेवायचं?"

"कुत्रं. तूच म्हनालीस, राखनीला ठेवा."

"अरे, हसन्यावारी बोलले मी!" भागीरथीनं कमळकडे पाहिलं. पोर तरी आपली बाजू घेईल, असं तिला वाटलं. पण कमळच्या कानात सकाळचं विव्हळणं होतं. तिनं तोंड फिरवलं, आणि अटीचं नावही पुन्हा काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात भागीरथी भुऱ्याला घेऊन दोघांना पोचवायला आसनगाव स्टेशनवर आली, तेव्हा महिपत म्हणाला, "आजीच्या पाया पड गो." कमळ खाली बसली, भुऱ्याच्या डोक्यावर तिनं कपाळ टेकलं आणि उठून डब्यात चढली.

तो शिमग्याचा महिना. भागीरथीनं कुत्रं दावणीला बांधलं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, म्हणून रोज सकाळी ती पाण्याचं भांडं पुढं सरकवायची आणि ते पिईपर्यंत तिथंच बसायची. आपलं बोलणं खरं ठरायला एवढाच साक्षीदार उरला होता. भाद्रपदात ती त्याला घेऊन चिखल तुडवत मुरबाडला गेली.

"छान आहे की!" डॉक्टर म्हणाले. "पण आता लढाई लागलीय, आजी. बोटीवर कुत्रं कोण घेतंय?"

"त्याला न्यायचं नाय. दाखला तेवढा द्या. पोरीला धाडायचाय."

डॉक्टरनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. कुत्रं निरोगी आहे. त्याला पिसाळलेलं जनावर चावलेलं नव्हतं.

भागीरथी ऐकत होती. चावलं नव्हतं. मग म्हातारीनं डागलं कशाला? हेच तर विचारतील, आणि कुत्रं ठेवून घ्यायलाच, असं म्हणतील.

"सायेब, पाय लचकला व्हता म्हून डागलं, ते बी लिवा ना."

"ते मी कसं लिहू, आजी? मी तिथं कुठं होतो?"

भागीरथीनं भुऱ्याचं दावं हाताला गुंडाळलं.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.