पोर्थमेलरला गाडी धरतात

पोर्थमेलर या छोट्या समुद्रकाठच्या गावाला दोन डब्यांची गाडी आपणहून थांबत नाही, हात करावा लागतो. थांबली की गार्ड गेथिन चढणाऱ्याला विचारतो, "मागून कुणी येतंय?" गाडीतून वाट दिसत नाही, फलाटावरची शेड आड येते, आणि समुद्रावरच्या वाऱ्यात हाक ऐकू येणं तर सोडाच. म्हणून कुणी येत असेल तर चढणाऱ्याने गाडी धरायची, म्हणजे तो येईपर्यंत थांबवून ठेवायची. एकमेकांची तोंडंही न बघणारी माणसं या गावात एकमेकांसाठी गाडी धरतात.

त्या मंगळवारी मेन्नाने धरली नाही.

कारण सांगायचीही लाज वाटावी. रविवारी चॅपलमधल्या चहासाठी तिने मनुकांचा पाव केला होता आणि टेगवेन, तिची शाळेपासूनची मैत्रीण, चारचौघींत म्हणाली होती, "मेन्ना, याच्याबरोबर बादलीभर चहा दे गं, नाहीतर घशात अडकायचा." सगळ्या हसल्या. मेन्नाही हसली आणि घरी येऊन धुमसत बसली. त्यामुळे गाडीत चढण्याआधी तिने मागे पाहिलं आणि वाळूच्या टेकाडावरून टेगवेन हात हलवत पळत येताना दिसली, तेव्हा तिच्या मनात आलं, बाजाराला निघाली असेल बया. बसू दे पुढच्या गाडीपर्यंत वारा खात.

"मागून कुणी?" गेथिनने विचारलं.

"कुणी नाही."

टेगवेन बाजाराला निघाली नव्हती. तिचा भाऊ इडवाल हा शहरातल्या हॉस्पिटलमध्ये होता आणि तिथून, ताबडतोब या, असा फोन आला होता. पुढच्या गाडीने ती पोचली तेव्हा त्याच्या तोंडावर चादर ओढलेली होती. शेवटपर्यंत शुद्धीवर होता म्हणे, सारखा दाराकडे बघत होता.

दफनाच्या दिवशी मेन्नाने सगळ्यांच्या कपबशा विसळल्या. रडलीसुद्धा, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण गाडीचं तिने सांगितलं नाही. टेगवेनने तिचा हात धरला की तिला आपला हात तोडून टाकावासा वाटे.

पुढच्या आठवड्यात दोघी फलाटावर समोरासमोर आल्या. गाडी थांबली, गेथिन उतरला आणि टेगवेनचा बांध फुटला.

"डोळे काय खिशात घालून फिरतोस का रे? पळून पळून छाती फुटायची वेळ आली माझी, आणि तू घंटी वाजवून मोकळा!"

गेथिनने टोपी काढली. मेन्नाकडे ढुंकूनही न बघता तो म्हणाला, "चुकलं माझं, टेगवेन."

आता मात्र मेन्नाला गप्प राहवेना. "त्याचं नाही चुकलं. त्याने विचारलं होतं. मीच म्हणाले, कुणी नाही."

"तुला दिसले नसेन मी."

"दिसलीस."

"पळताना?"

"हो. हात हलवताना. मला वाटलं बाजाराला... त्या पावाचा राग होता गं मला."

टेगवेन हळू आवाजात म्हणाली, "सगळा आठवडा मी मनाची समजूत घालत होते. म्हटलं, मेन्नाला दिसले असते तर तिने गाडी अडवली असती, रुळांवर आडवी पडली असती."

तिने गेथिनची माफी मागितली आणि ती गाडीत चढली. मेन्ना खालीच उभी.

"चढ," टेगवेन आतून म्हणाली. "त्याला उशीर होतोय."

मेन्ना तिच्यासमोर जाऊन बसली. शहर येईपर्यंत टेगवेन एक अक्षर बोलली नाही. तिने चार शिव्या हासडाव्यात म्हणून मेन्ना मनातल्या मनात विनवत राहिली.