टाकांच्या रांगेत बसलेली पट्टी

मित्रांनो, मी चांदीची एक छोटी पट्टी आहे. तुमच्या करंगळीएवढी लांब, बोटभर रुंद, दोन्ही टोकांना बारीक साखळी. वय काही फार नाही, चार वर्षं. पण त्यातली दोन वर्षं मी जिथे काढली, तिथे बसून लवकर म्हातारपण येतं.

माझा जन्म धारच्या सराफ्यात, शालिग्राम सोनारांच्या दुकानात झाला. शालिग्रामकाकांचा हात टाक करण्यात बसलेला. आपल्या घरांत कुलदेवतेची आकृती चांदीच्या पत्र्यावर उठवून देवघरात ठेवतात ना, तेच टाक. म्हणून देवासहून आलेली नीतू बाळाला कडेवर घेऊन दुकानात शिरली आणि चांदीची पट्टी करून द्या म्हणाली, तेव्हा काकांनी सवयीने विचारलं, कोणत्या देवीची? नीतू म्हणाली, देवी नको काका, अक्षरं हवीत.

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या आईच्या, राजाबाईंच्या, हृदयाची एक झडप बदलली होती. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी आता जन्मभर. अशा माणसाला लागलं तर रक्त लवकर थांबत नाही, आणि कधी कधी ते आतल्या आत वाहत राहतं, बाहेर काही दिसतही नाही. परक्या ठिकाणी काही झालं तर डॉक्टरांना आधी हेच कळलं पाहिजे. बाजारात स्टीलच्या पट्ट्या मिळत होत्या, पण राजाबाई म्हणाल्या होत्या, स्टील डब्याला शोभतं, मी घालायची नाही.

काकांनी माझ्यावर खोल अक्षरं कोरली. हिंदीत, कारण इकडे मध्य प्रदेशातल्या दवाखान्यांत तीच सगळ्यांना चटकन वाचता येते. 'खून पतला करने की दवा चालू है.' खाली नीतूचा मोबाइल नंबर.

राजाबाई धारमध्ये एकट्याच राहत आणि ब्लाउज शिवत. मी त्यांच्या डाव्या मनगटावर बसले, आणि ते माझे सुखाचे दिवस होते. मशीन चालू झालं की माझी साखळी त्याच्या फळीवर किणकिणायची. संध्याकाळी गोळी घेतली की त्या माझ्यावरून बोट फिरवून म्हणायच्या, "घेतली गं." जणू मीच नीतू.

मग एक दिवस शेजारच्या सावित्रीबाई माप द्यायला आल्या. सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. मनाने वाईट मुळीच नाहीत, फक्त जिभेला लगाम नाही. त्यांनी राजाबाईंचा हात धरून मला मोठ्याने वाचलं आणि हसत म्हणाल्या, "अगोबाई, म्हणजे सुई टोचली तर तुझं रक्त थांबायचंच नाही? माझ्या लेकीच्या शालूच्या पोलक्यावर सांडू नको हो."

राजाबाईही हसल्या. पण गल्लीत बोलणं पसरायला काय लागतं? त्या आठवड्यात दोघीजणी आपलं कापड परत घेऊन गेल्या. एकीने तर दारातूनच सांगितलं की तुम्हाला त्रास नको, तुम्ही आराम करा. त्या रात्री राजाबाईंनी मला काढलं.

पेटीत टाकवेना, लेकीने मायेने केलेली. मग त्यांनी मला देवघरात नेलं आणि टाकांच्या रांगेत, खंडोबाच्या शेजारी ठेवलं. देवाजवळ आहे म्हणजे राखणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. रोज सकाळी टाकांबरोबर मलाही स्नान, गंध, कुंकू, फूल.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, केवढा हा मान! पण खरं सांगू, त्या मानाइतकं एकटेपण मी कशातच पाहिलं नाही. टाकांना नावं होती, त्यांचे वार होते. माझं तिथे कोणीच नव्हतं. बाहेर मशीनचा आवाज यायचा आणि मला त्या मनगटाची ऊब आठवायची. हळूहळू माझ्या अक्षरांत कुंकू बसत गेलं. 'खून' भरलं, 'दवा' भरलं, शेवटी नीतूचा नंबरही भरला. आम्हा वस्तूंना तोंड नसतं. अक्षरं होती, तीही मुकी झाली.

दोन वर्षं गेली. यंदा वैशाखात सावित्रीबाईंच्या भाचीचं लग्न बदनावरला होतं. राजाबाई नवं लुगडं नेसून देवघरापुढे उभ्या राहिल्या. नमस्कार केला. त्यांची बोटं माझ्यावर आली आणि थांबली. माझा जीव त्या बोटांत गोळा झाला. घ्या मला, घ्या ना. पण बाहेर जीपवाल्याने हाका मारल्या. राजाबाईंनी मला घाईने कुंकू लावलं आणि त्या गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळी दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नैवेद्याच्या साखरेला मुंग्या आल्या, मग साखर संपली आणि मुंग्याही गेल्या. फुलं वाळून टाकांच्या पायाशी गळाली. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी येऊन सांगावं, राजाबाई आहेत.

अकरा दिवसांनी कुलूप उघडलं. नीतू होती, मागोमाग सावित्रीबाई. त्या दारातच खाली बसल्या आणि रडत रडत सांगू लागल्या. मांडवात पाय घसरून राजाबाई पायरीवर पडल्या होत्या. डोक्याला नुसतं टेंगूळ, पण गुंगी आल्यासारख्या झाल्या, बोलेनात. जवळच्या एका दवाखान्यात नेलं.

"डॉक्टरांनी मलाच विचारलं गं, इनको कोई दवा चलती है क्या? मी म्हटलं, पहले चलती थी, अब ठीक हो गई. हातातली पट्टी निघाली ना, मला वाटलं गोळीही सुटली."

मग दुखण्याचं इंजेक्शन देऊन लग्नघरी परत पाठवलं. आणि तोवर डोक्यात रक्त साचत होतं. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या तेव्हा त्यांना इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, कोणीतरी नीतूला फोन लावला, ती तिथे धावली आणि डॉक्टरांना तिने आधी गोळीचं नाव सांगितलं. राजाबाई वाचल्या. उजवा हात मात्र गेल्यासारखाच झाला होता.

नीतू रागावली नाही. तिने मला मशीनच्या खणात शोधलं, कपाटात शोधलं, आणि शेवटी टाकांच्या रांगेत मी दिसले, तेव्हा तिने मला उचलून चिंचेने घासलं. एकेक अक्षर सुईने मोकळं केलं.

राजाबाई आता देवासला, नीतूकडे आहेत. झडपेसाठी डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली आहे. पहिल्या दिवशी नीतू मला घेऊन आली, तर त्यांनी मान हलवली. अडखळत म्हणाल्या, "देवाजवळच ठेव. तो बघतो."

नीतू त्यांच्या पायाशी बसली. "आई, देवाला सगळं माहीत असतं. डॉक्टरांना सांगावं लागतं."

राजाबाईंनी डावा हात पुढे केला. मनगट इतकं बारीक झालं होतं की साखळीच्या तीन कड्या कमी कराव्या लागल्या.

आता त्या दुपारभर गॅलरीत बसतात. शिवणं संपलं, ओळखीची गल्ली संपली, नीतू कामावर गेली की बोलायला कोणी नसतं. मी असते. परवा वरच्या मजल्यावरची शिखा नावाची नवी सून सहज येऊन बसली आणि तिची नजर माझ्यावर गेली. मला वाटलं, राजाबाई पदर ओढून घेणार. त्यांनी मनगट वळवलं, अक्षरं वर केली, आणि म्हणाल्या, "वाच मोठ्याने. लक्षात ठेव."

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात कोणाच्या हातात अशी पट्टी दिसली तर हसू नका. आणि एखाद्या दिवशी ती दिसली नाही, तर बरं झालं असेल असं मनाशी ठरवू नका. जवळ जाऊन विचारा. मला वाचायची वेळ कोणावर न येवो, हेच मी मागते. पण तोवर मला मनगटावरच राहू द्या.