चौसष्टावा ठोकळा

मानवतला व्यंकटरावांचा सरकीचा धंदा होता, शेती होती, वरच्या मजल्याचं घर होतं. तरी सत्याऐंशी साली त्यांना गालिच्यांचा कारखाना काढायची हुक्की आली. सुरतेकडे कुठलीशी गिरणी बंद पडली होती, तिथून त्यांनी जुनं मशीन उचललं. त्याच्याबरोबर ना माहितीचं पुस्तक आलं ना माणूस. भुजंग फिटरनं ते उभं केलं. हा भुजंग पूर्वी जिनिंगमध्ये होता. त्याला पुस्तक मिळालं असतं तरी त्यानं ते खुर्चीच्या पायाखालीच लावलं असतं.

मशीनला आडवी लोखंडी दांडी होती. तिच्यावर सुयांचे चौसष्ट ठोकळे बसवायचे, एका ठोकळ्यात दहा सुया. मशीन चालू झालं की दांडी मिनिटाला पाचशे वेळा खाली-वर होणार, सुया कापडातून दोरा आरपार घालणार आणि खालचे आकडे तो पकडणार. ठोकळा जरा जरी ढिला राहिला तर सुया आकड्यांवर आदळून मोडणार, आणि तुकडे समोर उभं असलेल्याच्या तोंडावर उडणार.

म्हणून भुजंगची रीत ठरलेली. रॉकेलच्या फडक्यानं दांडीवरची बैठक पुसायची, ठोकळा टेकेपर्यंत दाबायचा, स्क्रू आधी बोटांनी फिरवायचा आणि मग सहाकोनी चावीनं, चावी पुढं जायला नाही म्हणेपर्यंत. आठ दिवस त्याची बायको कुसुमबाई त्याच्या हातात एकेक ठोकळा देत होती. तिलाही तिथंच काम लागलं होतं. मशीनच्या उजव्या टोकाला उभं राहून तुटलेले दोरे ओवायचे. उजव्या टोकाला म्हणजे चौसष्टाव्या ठोकळ्यासमोर.

नेमका तोच ठोकळा व्यंकटरावांनी उद्घाटनासाठी राखून ठेवला. शेवटचा स्क्रू त्यांचे व्याही, बोरीचे अनंतराव आवळणार होते. अनंतराव निवृत्त हेडमास्तर. व्यंकटरावांची सुनेत्रा त्यांच्या घरी दिली होती, आणि लग्नात हार आधी कुणाला घालायचा यावरून पंगत दीड तास ताटकळली होती. तेव्हापासून व्यंकटराव या व्याह्यांसमोर जपूनच श्वास घेत.

अनंतरावांनी हार घालून घेतला, चावी लावली आणि स्क्रू फिरवला. डावीकडं. चांगला दीड वेढा. टाळ्या पडल्या, फोटो निघाला, सुमंगलाबाईंनी, म्हणजे व्यंकटरावांच्या मंडळींनी, स्क्रूवर कुंकू लावलं.

पाव्हणे गेल्यावर भुजंग चावी घेऊन पुढं झाला.

"काय करायलास?" व्यंकटराव.

"आवळतो मालक. ढिला हाय."

"व्याह्यांनी आवळलेला स्क्रू तू पुन्हा आवळणार? म्हणजे त्यांना आवळता आला नाही, असंच ना? उद्या हे बोरीला कळलं तर माझ्या पोरीनं कुठं तोंड लपवायचं?"

"पण मालक, ठोकळा पडंल."

"मग त्यांना विचारून ये. पण मी पाठवलं म्हणू नको. तू येईपर्यंत मशीन बंद राहील, माझा शब्द."

भुजंगला हे पटलं. मोठ्या माणसानं शब्द दिला की त्याला नेहमीच पटायचं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो निघाला, परभणीला गाडी बदलली आणि नऊ वाजता बोरीत उतरला.

अनंतरावांनी त्याला पोहे दिले, चहा दिला. भुजंग पावसापाण्याचं बोलला, ज्वारीचं बोलला, सुनेत्राताईंची खुशाली विचारली. स्क्रूचं काही तोंडातून निघेना. शेवटी अनंतरावांनीच उठून दार लोटलं.

"तो स्क्रू कोणत्या बाजूला फिरवतात रे?"

"उजवीकडं, सर."

"मी डावीकडं फिरवला."

"व्हय."

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"व्हय."

"तू पण?"

"मी बी वाजवल्या, सर."

अनंतरावांनी लोटलेल्या दाराला कडी घातली. मग म्हणाले, "फिरवला तेव्हाच हाताला कळलं होतं. पण गळ्यात हार घालून विचारायचं कसं? मला वाटलं, मागून कुणीतरी आवळेलच. मला रात्रभर झोप नाही, आणि तुम्ही लोक माझा मान राखत बसलात."

त्यांनी टेबलाशी बसून सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली: सदर स्क्रू पुन्हा आवळण्यास निम्नस्वाक्षरीकाराची हरकत नाही, यात मानपानाचा प्रश्न उद्भवत नाही. खाली सही, तारीख. भुजंगनं ती खिशात घातली. त्याला हलकं हलकं वाटलं.

परतीची गाडी परभणीत तास-दीड तास खोळंबली. मानवतला उतरून तो कारखान्याच्या रस्त्याला लागला. मशीनचा आवाज येत होता.

झालं होतं असं, की परभणीच्या एका मंगल कार्यालयाचे मालक अचानक मशीन बघायला आले. आता आलेल्या माणसाला बंद मशीन दाखवायचं कसं? व्यंकटरावांनी बटण दाबलं होतं. त्यालाही दोन तास होऊन गेले होते.

भुजंग धावत आत शिरला आणि त्यानं लाल बटणावर थाप मारली. दांडी थांबली. कुसुमबाई उजव्या टोकाला धडधाकट उभी होती, तिच्या बोटात दोरा होता.

"अरे, काय झालं?" व्यंकटराव ओरडले. भुजंगनं चिठ्ठी पुढं केली. व्यंकटरावांनी ती पाव्हण्यांच्या देखत मोठ्यानं वाचली, दोनदा वाचली. त्यांचा चेहरा खुलला.

"हं, आता आवळ!"

भुजंगनं चौसष्टाव्या ठोकळ्याला चावी लावली. कुंकू ताजं होतं. त्यानं जोर दिला. चावी तसूभरही हलली नाही. ठोकळा त्याच्या बाकीच्या त्रेसष्ट ठोकळ्यांइतकाच घट्ट होता. त्यानं कुसुमबाईकडे पाहिलं. ती सुईच्या नेढ्याकडे बघत होती.

"आवळला का?"

"आवळला, मालक."

"सगळं कसं रीतसर झालं," व्यंकटराव पाव्हण्यांना म्हणाले, आणि पाव्हण्यांनीही मान डोलावली.

सुट्टी झाल्यावर दोघं घराकडे निघाले. बरंच अंतर गेल्यावर भुजंग म्हणाला, "कवा आवळलास?"

"मालक बटणाकडं चालले तवा. तुमची दुसरी चावी वटीत व्हती."

"आन् कुंकू?"

"माझ्या कपाळाचं पुसून लावलं."

"मालकानं बघितलं असतं तर? हाकललं असतं दोघांला बी. व्याह्यांचा मान हाय तो."

"मान त्यांचा. डोळे माझे व्हते."

भुजंगला लाज वाटली. काल संध्याकाळी चावी त्याच्या हातात होती, मालक घरी गेलेले होते, मशीनपाशी चिटपाखरू नव्हतं. एका मिनिटाचं काम होतं. हे त्याला कालपासून आत्तापर्यंत एकदाही सुचलं नव्हतं, आणि तो दिवसभर बायकोसाठी हिंडत होता असं समजत होता.

"मी परवानगी आणायलाच गेलतो ना, तुझ्यासाठीच," तो म्हणाला.

"व्हय," कुसुमबाई म्हणाली. "तुमी त्या ठोकळ्यासमोर उभे ऱ्हानार असता, तर गेला असता का बोरीला?"